रिकाम्या खोलीची खिडकी

र्युसेल्सहाइम,
८ जानेवारी

प्रिय सुमेधा,

पत्राला फार उशीर झाला, आधी त्याची माफी मागतो. तू ईप्सिताला घेऊन तुझ्या मैत्रिणीकडे, कादंबरीकडे गेलीस त्याला आज सतरा दिवस झाले. त्यातल्या पहिल्याच दिवशी मी लिहायला बसायला हवं होतं. तू रोज अकरा वाजता ऑफिसातून फोन करतेस, "बाबा, जेवलात का? गोळी घेतलीत का?" विचारतेस, मी "हो, हो" म्हणतो आणि फोन ठेवून देतो. एवढं होऊनही तू फोन करतेस, याचीच मला भीती वाटते. फोनवर माझ्याच्यानं बोलवत नाही. लिहिणं तरी कुठे जमतं म्हणा, सातवीनंतर शाळा सुटली ती सुटली. पण कागद मधेच "हॅलो, ऐकू येतंय का" असं विचारत नाही, म्हणून कागद घेतला. आणि तो पाठकोरा नाही, कोरा घेतला आहे. आयुष्यात मी कुणाला कोऱ्या कागदावर पत्र लिहिलेलं नाही. तुझ्या लुडविग्सहाफेनच्या मैत्रिणीचा पत्ता वाढदिवसाच्या पार्सलवर होता, तो कापून ठेवला होता. तुला माहीतच आहे, मी काही टाकत नाही.

काल नागेश फोनवर कुणाशी तरी बोलत होता. मी भांडी घासत होतो, नळ बारीक होता, त्यामुळे सगळं ऐकू आलं. तू तिथल्या कितात, बालवाडीत, ईप्सीसाठी जागा आहे का याची चौकशी केलीस म्हणे. भिंत दुरुस्त होईपर्यंत जाते, असं तू म्हणाली होतीस. भिंत दुरुस्त व्हायला पोरीची शाळा बदलावी लागत नाही. माझ्या हातातली ताटली तिथेच राहिली. नागेश फोन ठेवून बराच वेळ बुटांची नाडी बांधत बसला, बाहेर जायचं नव्हतं तरी. माझं विमान चौदा तारखेला आहे, संक्रांतीच्या दिवशी. मी विमानात बसून निघून गेलो आणि इथे तुम्हा नवरा-बायकोचं हे असं राहिलं, तर मी पोचूनही पोचलो नाही असं होईल.

ऑक्टोबरात मी आलो तेव्हा मला पहिला धक्का बसला तो तुझ्या खिडक्यांचा. बाहेर बोटं वाकडी होतील अशी थंडी, आत हीटर, तुमची ती हाइत्सुंग, गरम, आणि तू सकाळी उठून सगळ्या खिडक्या सताड उघडल्यास. मी स्वेटरवर शाल घेऊन बघतच राहिलो. "बाबा, ह्याला लुफ्टन म्हणतात. इथली घरं डब्यासारखी बंद असतात. श्वासाचा, कपड्यांचा, स्वयंपाकाचा ओलावा बाहेर काढावाच लागतो," असं तू समजावलंस. मी मान हलवली. मनात म्हटलं, पैसे देऊन खोली गरम करायची आणि मग ती गरमी रस्त्यावर सोडायची, हे कुठलं शहाणपण? बाकी सगळ्यात तुझं शहाणपण मला पटत होतं. खोटं नाही सांगत, पोटच्या नागेशपेक्षा माझं सुनेशी, तुझ्याशीच जमलं. संध्याकाळी दुकान बंद व्हायच्या वेळेला लाल चिकटपट्टीची स्वस्त झालेली भाजी तू आणायचीस आणि मी ती निवडायचो. रिकाम्या बाटल्या त्या पैसे परत देणाऱ्या मशीनमध्ये टाकायला आपण तिघं जायचो, ईप्सी एकेक बाटली ढकलायची. जुन्या मोज्यांची पुसणी, भाज्यांच्या देठांचं सूप, पीठ चाळून उरलेल्या कोंड्याची थालीपिठं. नागेश चिडवायचा, "दोन मारवाडी एका घरात आलेत, आता माझं काही खरं नाही." तू म्हणायचीस, "घर घ्यायचंय ना आपल्याला? मग बाबांकडून शिका." ते वाक्य ऐकून मला आतून किती गोड वाटायचं ते तुला कळलं नसेल. नागेशची आई असती तर तिनेही ऐकलं असतं. ती मात्र मला कधी असं म्हणाली नाही. ती म्हणायची, "तुमचं काही सांगता येत नाही, एक दिवस देवापुढची समईसुद्धा विझवाल, बिल वाचलं म्हणून."

कारण माझं कामच ते होतं. विट्याच्या कॉलेजात एकतीस वर्षं मी शिपाई. घंटा देणं, पाणी भरणं हे सगळेच करायचे, पण शेवटचा तास सुटला की एकेका वर्गात जाऊन दिवे-पंखे बंद करणं, खिडक्यांच्या कड्या घालणं, हे माझं. सत्तावीस खोल्या. रिकामी खोली आणि चालू पंखा दिसला की माझा हात आपोआप बटणाकडे जायचा, अजून जातो. निवृत्तीच्या दिवशी प्राचार्यांनी शाल-श्रीफळ देऊन सगळ्यांसमोर सांगितलं, "वासुदेवनं वाचवलेल्या विजेवर हे कॉलेज वर्षभर चाललं असतं." खरं की खोटं देव जाणे. पण मी ते खरं धरून चाललो.

आता सांगायचं ते सांगतो. अक्षर वाईट आहे, लावून वाच.

सकाळी साडेसातला तू ईप्सीच्या खोलीची खिडकी उघडायचीस आणि मला म्हणायचीस, "बाबा, दहा मिनिटांनी लावा हं, प्लीज." मग तुम्ही तिघं निघायचात. तुझी निळी टोपी कोपऱ्यावरच्या बेकरीपलीकडे गेली की मी खिडकी लावायचो. दहा मिनिटं नाही, एकही नाही. मग सगळ्या खोल्यांतून फिरायचो आणि हाइत्सुंगचं बटण बर्फाच्या चांदणीच्या खुणेवर, म्हणजे जवळजवळ बंद, आणायचो. रिकामी घरं कशाला तापवायची? मी एकटा हॉलमध्ये, मला शाल पुरते. मशीनवर वीज जाते म्हणून तुझ्या नकळत निम्मे कपडे मी टबात हातानं धुवायचो आणि ईप्सीच्या खोलीत दोरी बांधून वाळत घालायचो. दोरीला जागा व्हावी म्हणून तिचं कपाट भिंतीला अगदी चिकटवून सरकवलं. तू पहिल्याच दिवशी सांगितलं होतंस की कपाट आणि भिंत यांच्यात चार बोटं जागा ठेवायची असते, घरमालकाचा नियम आहे. मी म्हटलं, नियम काय, पाहुण्याला कोण विचारतो. चार वाजले की दोरी सोडायची, कपडे घड्या घालून ठेवायचे, बटणं परत होती तिथे फिरवायची. तुम्ही आलात की घर गरम आणि कपडे कोरडे. तू म्हणायचीस, "बाबा, किती करता हो!" मी म्हणायचो, "बसून काय करू?"

नोव्हेंबरात एकदा तू ऑफिसातून लवकर आलीस आणि घर गार लागलं. बटण चांदणीवर बघून तू हसलीस. "कॉलेज सुटलं वाटतं?" म्हणालीस. रागावली नाहीस. ईप्सीची नखं रंगवायची लाल बाटली आणलीस आणि प्रत्येक बटणावर तीनच्या आकड्यापाशी एक ठिपका दिलास. "बाबा, लाल ठिपक्याखाली जायचं नाही. पोरीची खोली आहे ती." मी शब्द दिला. आणि दुसऱ्या दिवसापासून तुझ्या ठिपक्याचा उपयोग मी एवढाच केला की चार वाजता बटण नेमकं कुठे आणून ठेवायचं ते मला सोपं झालं.

याहून वाईट आहे ते पुढे. त्याच महिन्यात कपाटाशेजारी, खिडकीच्या कोपऱ्यात मला काळा डाग दिसला. रुपयाएवढा. मी ओल्या फडक्यानं पुसला. आठ दिवसांनी तो पुरीएवढा झाला. कॉलेजच्या पावसाळी भिंती मी फिनेलनं पुसायचो, तसं पुसलं. परत आला, बारीक काळी लव धरून. त्या वेळी मी तुला सांगायला हवं होतं. मला वाटलं, तुम्ही रंगारी बोलवाल, इथे रंगारी म्हणजे केवढा खर्च, आणि मी वाचवलेलं सगळं त्यात जाईल. म्हणून गावाहून आणलेलं गणपतीचं कॅलेंडर मी हॉलमधून काढून तिथे लावलं. तू म्हणालीस, "छान केलंत बाबा, ईप्सीला रोज बाप्पा दिसेल." ती मला मराठी महिने म्हणून दाखवायची, कार्तिक, मार्गशीर्ष, जर्मनसारखा र काढून. आणि खोकायची. किताच्या सगळ्याच पोरांना खोकला असतो असं तू म्हणालीस. मी कॅलेंडर सरळ केलं.

वाढदिवस तुझ्याही डोळ्यांसमोर असेल. दुपारची वेळ, टेबलाभोवती तिच्या वर्गातली चार पोरं, केकवर पाच मेणबत्त्या. तिनं गाल फुगवून फुंकर मारली, एकही विझली नाही. पोरं हसली. तिनं परत मारली, ज्योती नुसत्या वाकल्या. तिसऱ्या वेळी फुंकर आलीच नाही, शिट्टीसारखा आवाज आला. बरगड्या आत जायला लागल्या आणि ओठांचा रंग बदलला. पाच वर्षांच्या पोरीला एक मेणबत्ती विझवता येत नाही! नागेशनं तिला उचललं, तू चपलांवरच बर्फात धावलीस, शेजारची बाई बाकीच्या पोरांना घेऊन गेली. घरात मी एकटा, आणि त्या मेणबत्त्या तशाच जळत होत्या. सुमेधा, तेव्हा मी काय केलं सांगू? मी त्या एकेक करून विझवल्या, वरचं मेण पुसलं आणि पुन्हा उपयोगी पडतील म्हणून ड्रॉवरमध्ये ठेवल्या. नात दवाखान्यात आणि माझे हात काटकसर करत होते. नंतर माझ्याच हातांकडे बघून मला शिसारी आली.

डॉक्टरांनी विचारलं, घरात बुरशी आहे का. तू ठामपणे नाही म्हणालीस. परत आल्यावर नागेशनं कपाट ओढलं. ती भिंत मी डोळे मिटले तरी दिसते. वरून खालपर्यंत काळी, मधे मधे हिरवी, कुणी ओली राख फासावी तशी. कपाटातल्या ईप्सीच्या फ्रॉकच्या पाठी काळ्या झालेल्या. तू तोंडावर हात ठेवून खाली बसलीस. नागेशनं कॅलेंडर काढलं तर त्याची पाठ काळीठिक्कर. तो म्हणाला, "बाप्पालाही सोडलं नाही." त्याला वाटलं कॅलेंडर योगायोगानं तिथे होतं. मी त्याला तसंच वाटू दिलं.

मग घरमालकाचा माणूस आला, त्यानं काडेपेटीएवढी पांढरी डबी ईप्सीच्या खोलीत फळीवर ठेवली. तू सांगितलंस, "बाबा, ह्या डबीला अजिबात हात लावू नका." मी लावला नाही. बाकी सगळ्याला लावला. ईप्सी तुमच्या खोलीत झोपायला लागली होती, ती खोली आता रिकामी होती, आणि रिकाम्या खोलीत हाइत्सुंग चालू राहिलेली माझ्यानं बघवेना. एवढी भिंत बघूनही. बुरशी कपाटामुळे आली, कपाट काढलं, संपलं, अशी मी माझी समजूत घातली होती. तू सकाळी खिडकी उघडून गेलीस की मी ती लावत राहिलो. डबी आत बसून काय करते ते मला ठाऊक नव्हतं. आठवड्यानं तो माणूस कागद घेऊन आला, तेव्हा कळलं की ती खोलीतली ऊब, ओल, सगळं टिपून ठेवत होती.

माणूस गेल्यावर नागेशनं तो कागद टेबलावर आपटला. "दिवसा बारा डिग्री! खिडकी एकदाही नीट उघडलेली नाही. सुमेधा, हा डेटा आहे." तू म्हणालीस, "मी रोज उघडते. ठिपक्यावर ठेवून जाते." तो म्हणाला, "मग डबी खोटं बोलते? तुझी ही काटकसर! घर घ्यायचंय, घर घ्यायचंय! पोरीच्या श्वासातून वाचवायचे होते का पैसे?" माझ्यासमोर तू त्याला नेहमी अहो-जाहो करायचीस. त्या दिवशी पहिल्यांदा म्हणालीस, "नागेश, तू हे मला म्हणतोयस?" तुझा आवाज असा आला की मी सोलत होतो ते मटार हातातून सांडले.

मग तो माझ्याकडे वळला. "बाबा, तुम्ही दिवसभर घरी असता. ही खिडकी उघडते का?"

मी काय बोललो ते तू ऐकलंस, तरी लिहितो, कारण ते माझ्या हातानं लिहिलं गेलं पाहिजे. मी म्हटलं, "मी आपला हॉलमध्ये असतो. मला त्यातलं काय कळतं?" आणि वाकून मटार वेचायला लागलो.

तू माझ्याकडे बघितलंस. मी वर बघितलं नाही, पण मानेला कळतं. तुला ठाऊक होतं, सुमेधा. नोव्हेंबरात तूच बटण चांदणीवर पाहिलं होतंस, तूच ठिपके दिले होतेस. "बाबांना विचार, कॉलेज कोण बंद करतं," एवढं म्हटलं असतंस तरी तू सुटली असतीस. तू माझं नाव घेतलं नाहीस. तू थांबलीस, मी आपणहून बोलेन म्हणून. मी मटार वेचत राहिलो. शेवटचा दाणा टेबलाखाली गेला होता तोही शोधला. तोवर तू आत जाऊन बॅग भरायला घेतली होतीस.

मला भीती कशाची वाटली, ते मी रोज स्वतःला विचारतो. नागेश मला परत पाठवेल याची वाटली. इथे मला एक चांगला म्हातारा समजतात, ते जाईल याची वाटली. पण खरी भीती वेगळी होती. तोंडानं एकदा म्हटलं असतं की पोरीचा श्वास मी कोंडला, तर ते माझ्याच कानांनी मला ऐकावं लागलं असतं.

नागेश इथे रोज पाव आणि चीज खातो. मी पिठलं केलं तर म्हणतो, ठेवा, नंतर खातो. ठेवतो आणि खात नाही. त्याला अजून वाटतं की तू चूक कबूल केलीस की सगळं मिटेल. तीनदा मी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो. तीनदा त्यानं विचारलं, "काय बाबा, काही हवंय?" आणि मी म्हटलं, मीठ कुठे आहे, चष्मा कुठे आहे. तिसऱ्या वेळी चष्मा माझ्या डोळ्यांवर होता.

म्हणून हे पत्र मी दोनदा लिहिलं आहे. ही तुझी प्रत, आत्ता खाली जाऊन पेटीत टाकतो. दुसरी, हेच सगळं, मीच सही केलेली, नागेशच्या कॉम्प्युटरवर ठेवली आहे. तो पाचला येईल. मी घरात असेन, मटार वगैरे काही हातात घेणार नाही. घरमालकाला दाखवायची असली तर दाखवा, मला पाठीशी घालू नका. तुला परत ये असं मी सांगत नाही, तो अधिकार मी त्या टेबलाखाली घालवला. एवढंच सांगतो की ज्या गोष्टीसाठी तू घर सोडलंस, ती तू केलेली नाही, आणि पाचनंतर हे तुझ्या नवऱ्यालाही ठाऊक असेल. ईप्सीच्या खोलीत मी आत्ता खिडकी सताड उघडून बसलो आहे, कानटोपी घालून, समोर घड्याळ ठेवून. बटण लाल ठिपक्यावर आहे. आठ मिनिटं झाली आहेत. खोली रिकामी आहे आणि दहा होईपर्यंत मी उठणार नाही. त्या पाच मेणबत्त्या अजून ड्रॉवरमध्ये आहेत, टाकवल्या नाहीत. मला माफ केलंस की नाही ते नको कळवूस. चौदा तारखेच्या आत फक्त एक कर: कादंबरीच्या घरी एखादी मेणबत्ती असेल ती लाव, ईप्सीसमोर धर, आणि तिला ती विझवता येते का तेवढं मला कळव. लवकर कळव, सुमेधा. अकराच्या फोनवर सांगितलंस तरी चालेल, या वेळी मी फोन ठेवणार नाही.

तुझाच,
बाबा